डिस्क बदलली, पॅड बदलले, तरी चोर्ल्यात स्टिअरिंग थरथरतंच: रोटर निवडण्याआधी हब बघा

बेळगावातून शनिवारी पहाटे गोव्याला सुटणाऱ्या मंडळींत हा आजार जुना आहे. पिरनवाडी ओलांडली, जांबोटी गेलं, कणकुंबीला चहा झाला, तोवर गाडी लोण्यासारखी. चोर्ल्याची उतरण लागली की चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. केरीत पोचेस्तोवर हात बधिर. परत आल्यावर गॅरेजवाला सांगतो, ‘डिस्क बेंड झाली, बदला.’ डिस्क म्हणजेच रोटर: चाकामागच्या हबवर बसून चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की कॅलिपर तिला दोन्ही बाजूंच्या पॅडमध्ये चिमटतो. बदलली की दोन-तीन महिने छान जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

माझी गाडी दोन दरवाजांची, सेकंड-हँड घेतलेली, साधारण दीड टन वजनाची आणि ताकद गरजेपेक्षा जास्त. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. दोन पावसाळे आणि दोन डिस्क-जोड्या खर्ची घालून जे कळलं ते लिहितोय. ‘स्पोर्ट्स कारला कुठले रोटर घालू, होलवाले की खाचावाले?’ असा प्रश्न आठवड्याला एकदा तरी कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर खाली आहे, पण नेमकं त्याच प्रश्नापासून सुरुवात करून मी पैसे घालवले होते.

आधी थरथर कसली ते ओळखा. ब्रेक न दाबता ९०-१००ला गाडी हलत असेल तर व्हील बॅलन्सिंग बघा, डिस्कचा संबंध नाही. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलतं तर पुढच्या डिस्क. स्टिअरिंग शांत आणि सीटखाली धडधड, तर बहुधा मागच्या. निसरड्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली करकरतं ते चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसचं काम, त्याला घाबरू नका. आणि पेडल मऊ पडून खोल जात असेल तर तो वेगळाच आजार, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता माझी कहाणी. पहिल्यांदा थरथर आली तेव्हा एका गॅरेजमध्ये डिस्कवर लेथचा हलका कट मारून घेतला. हजार-बाराशे किलोमीटर बरे गेले आणि पुन्हा सुरू. मग वैतागून पुढच्या दोन्ही डिस्क नव्या घातल्या, त्याही भोकंवाल्या. मिश्रधातूच्या चाकांतून ती भोकं दिसायला झकास दिसतात, खोटं कशाला बोलू. तीन हजार किलोमीटर झाले आणि एका रविवारी अंजुणे धरणाचं पाणी दिसू लागायच्या आतच स्टिअरिंगने तेच जुनं गाऱ्हाणं सुरू केलं.

त्या आठवड्यात जुनी डिस्क आणि नवी डिस्क दोन्ही पोत्यात घालून बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत नेल्या. तिथे आमच्या ओळखीचे एक टर्नर मामा आहेत, चाळीस वर्षं ओतीव लोखंडावर हात चाललेला माणूस. बेळगावात राहून ओतकामाच्या माणसाला विचारायचं सोडून मी गाडीची मासिकं चाळत बसलो होतो, हे माझं शहाणपण.

मामांनी आधी जुनी डिस्क लेथच्या चकात धरली, बारीक फीड लावली आणि मशीन सुरू केलं. मला म्हणाले, “बघू नको, कानानं ऐक की.” टूल सर्र करत चाललं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला एका ठिकाणी टिक्. टिक्. टिक्. “टूल उड्या मारायलंय बघ. इथं लोखंड काचेसारखं झालंय.” थांबवून बोट ठेवून दाखवलं: तळहातापेक्षा लहान, निळसर झाक असलेला डाग. आमच्याकडच्या फाउंड्रीत पातळ जागा लवकर थंड पडली की लोखंड पांढरं आणि कडक होतं, त्याला ‘चिल’ म्हणतात. डिस्कवरचा डाग हा त्याचाच भाऊबंद. ब्रेक अति तापलेले असताना पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटतो. तो भाग इतरांपेक्षा जास्त घासतो, आणखी तापतो, आणि तापमान साडेसहाशे-सातशे अंशांच्या घरात गेलं की तिथल्या लोखंडात सिमेंटाइट तयार होतं. सिमेंटाइट म्हणजे लोखंड आणि कार्बनचं अत्यंत कडक संयुग. लेथचं टूल त्यावरून घसरतं, आजूबाजूचं मऊ लोखंड तेवढं कापतं. वरून डिस्क चकचकीत दिसते. आत गाठ शिल्लक. म्हणूनच माझा पहिला कट हजार किलोमीटरांत फुकट गेला. निळे डाग दिसले की डिस्क भंगारात घाला, कट मारत बसू नका.

मग भोकंवाली धरली. टूल नाही लावलं, फक्त डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं माप. काटा जेमतेम हलला. मामा म्हणाले, “ही तर सरळच हाय. कोण म्हणाला बेंड?” मायक्रोमीटर घेऊन कडेपासून एक सेंटिमीटर आत, आठ ठिकाणी जाडी मोजली. एका बाजूला २४.६१ मिलिमीटर, समोरच्या बाजूला २४.५८. फरक ०.०३. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागणार नाही, पण पेडलला आणि हाताला लागतो. ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा कित्येक गाड्यांत जाणवतो. म्हणजे डिस्क वाकलेली नव्हती, तिची जाडी गोल फिरताना कमी-जास्त होत होती. आणि दोष डिस्कमध्ये नाही तर मग जाडी अशी असमान झिजवतंय कोण?

तिथून गाडीकडे. चाक काढलं, कॅलिपर तारेने टांगला (ब्रेकच्या नळीवर लटकवू नका, कितीही घाई असली तरी), डिस्क उतरवली. हबचा सपाट तोंडवळा, ज्याच्यावर डिस्क बसते, तांबूस गंजाच्या खपल्यांनी भरलेला. आमच्या खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस काय आहे हे मलप्रभेच्या उगमाजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. कट मारायला आणि मग बदलायला डिस्क उतरवल्या तेव्हा एकदाही कुणी तो गंज काढला नव्हता. त्याच खपल्यांवर नवी डिस्क ठेवून वरून इम्पॅक्ट गनने बोल्ट आवळले होते.

डायल गेज हबवर लावला: ०.०७ मिलिमीटर डोल, म्हणजे फिरताना तोंड तेवढं आत-बाहेर होत होतं. हबच्या कडेची त्रिज्या सात सेंटिमीटर आणि डिस्कच्या कडेची साडेपंधरा, म्हणजे तोच डोल डिस्कच्या कडेला दुपटीहून अधिक, जवळपास ०.१५. बहुतेक गाड्यांना डिस्कच्या कडेला ०.०५ ते ०.१० पर्यंत चालतो; तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

थरथर लगेच का येत नाही, तीन हजार किलोमीटरनंतरच का, याचं कोडं इथे सुटतं. डोलणारी डिस्क स्वतः स्टिअरिंग हलवत नाही, कारण कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो. पण ब्रेक सोडलेला असतानाही तिची पुढे आलेली बाजू प्रत्येक फेऱ्याला पॅडला हलकेच चाटून जाते. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर किलोमीटरमागे पाचशे फेरे, तीन हजार किलोमीटरांत पंधरा लाख. पंधरा लाख वेळा एकाच जागी पॅड चाटला की ०.०३ मिलिमीटर झिजायला कितीसा वेळ? नवी डिस्क घातल्यावर सगळं ठीक वाटतं, गॅरेजवाल्याचं नाव होतं, आणि तुम्ही विसरलात की थरथर परत. पॅडची जात कुठली, भोकं आहेत की नाहीत, याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

हब साफ करायला खर्च काही नाही. वायर ब्रश, मग एमरी पेपर, डिस्क बसते त्या मधल्या उंच कड्याभोवती विशेष, आणि बोल्टच्या भोकांच्या काठाला आलेली बारीक उचल कानशीने सपाट. साफ करून पुन्हा मोजलं तेव्हा हबचा डोल ०.०२ झाला. साफ करूनही डोल जास्त राहिला तर डिस्क एक-एक भोक फिरवून बसवून बघा. कधी कधी हबची आणि डिस्कची चूक एकमेकांना खाते. काही गाड्यांत डिस्क एकाच लहान स्क्रूने जागेवर धरलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही. तेही जमलं नाही तर बेअरिंग किंवा हब गेलंय.

बोल्ट टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने आवळा. बऱ्याच मोटारींना १२० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो. इम्पॅक्ट गन त्याच्या दुप्पटही देऊन बसते, तेही एका बोल्टला जास्त आणि दुसऱ्याला कमी, आणि डिस्कची टोपी, म्हणजे हबवर बसणारा मधला भाग, त्या ताणाने वेडीवाकडी धरली जाते. पंक्चरवाल्याकडे चाक काढलं असेल तर घरी येऊन बोल्ट सैल करून पुन्हा आवळतो मी. बायको हसते. हसू दे.

कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनाही बघून घ्या. एक पिन गंजून अडकली की आतला पॅड संपतो, बाहेरचा नव्यासारखा राहतो आणि डिस्क एकाच बाजूने तापते. बोटाने ढकलल्यावर पिन लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. रबराची टोपी फाटली असेल तर आधी ती बदला, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत.

आता रोटरचं

हब सरळ असेल तरच पुढचं वाचा.

आधी उष्णतेचा हिशोब, कारण ब्रेक म्हणजे गाडीचा वेग लोखंडात उष्णता म्हणून भरायचं यंत्र. दीड टनाची गाडी १०० किलोमीटरच्या वेगावरून थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता होते. त्यातला सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर, आणि एक डिस्क नऊ किलोची धरली तर एका थांबण्यात तिचं तापमान चाळीस-पन्नास अंशांनी वाढतं. हे काहीच नाही. पण चोर्ल्यात सहाशे मीटर खाली उतरलात असं धरा: जवळपास ८,८०० किलोज्यूल. शंभरवरून पंधरा वेळा कडकडून थांबण्याइतकी उष्णता. त्यातली काही हवेचा विरोध आणि इंजिन खातं, पण ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये टाकून, एसी लावून, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांची जवळजवळ सगळी डिस्कमध्ये जाते. तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. रोटर बदलण्याच्या निम्मा फायदा तिथेच.

या हिशोबात डिस्कचं वजन हाच खरा भांडवलाचा आकडा. जितकं लोखंड जास्त तितकी उष्णता सामावते. भोकं पाडली की लोखंड कमी झालं. भोकांची रीत आली ती जुन्या काळच्या पॅडमुळे: तापल्यावर त्यातून वायू सुटायचा आणि पॅड-डिस्कच्या मधे साचायचा, त्याला वाट द्यायला. आजचे पॅड तसा वायू फारसा सोडत नाहीत. पावसात पहिल्या दाबाला भोकंवाली डिस्क थोडी लवकर पकड घेते हे खरं, पण त्याची किंमत म्हणजे प्रत्येक भोकाच्या काठाला ताण. माझ्या डिस्कवर चार भोकांभोवती केसाएवढ्या चिरा सापडल्या, मामांनी रॉकेलने पुसून खडू चोळल्यावर स्पष्ट उमटल्या. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत पोचलेली किंवा कडेला गेलेली चीर म्हणजे डिस्क ताबडतोब खाली. शिवाय जांबोटीकडची जांभ्याची तांबडी माती आणि पॅडची भुकटी मिळून भोकं बुजतात ती बुजतातच. कारखान्यातून भोकंवाल्या डिस्क घेऊन आलेल्या महागड्या गाड्या आहेत, त्यांची भोकं डिस्कच्या आत हवा खेळवणाऱ्या पाकळ्यांची जागा बघून आखलेली असतात, काठ घासलेले असतात. बाजारात साध्या डिस्कला ड्रिल मारून विकतात ते वेगळं प्रकरण.

खाचावाल्या, म्हणजे स्लॉटेड, डिस्कचं मला वावडं नाही. खाच पॅडचा चेहरा खरवडून ताजा ठेवते, भुकटी आणि पाणी बाहेर टाकते, लोखंड फारसं कमी होत नाही. पॅड मात्र लवकर संपतात आणि जोरात ब्रेक लावल्यावर घूं असा आवाज येतो. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जाणार असाल तर याच घ्या. गोव्याला जाऊन मासे खाऊन परत येणार असाल तर गरज नाही.

दोन तुकड्यांची, ॲल्युमिनियमची टोपी आणि लोखंडी कडं असलेली डिस्क हलकी असते आणि कड्याला तापून मोकळं फुगू देते. उत्तम चीज. पण जोडणीच्या गोट्यांत माती शिरली की खुळखुळ सुरू, आणि आपल्याकडे माती शिरतेच.

कार्बन-सिरॅमिकबद्दल विचारणारे दोघे-तिघे असतातच. पोर्शने २००१मध्ये ९११ जीटी२वर त्या आणल्या; वजन लोखंडाच्या निम्म्याच्या आसपास, गंज नाही, झीज नगण्य. चाक बसवताना कडेला आपटलं की टवका उडतो आणि त्या टवक्याच्या किमतीत एक बरी सेकंड-हँड गाडी येते. ज्यांच्या गाडीला आहेत त्यांनी जपाव्यात. बाकीच्यांनी फोटो बघावेत.

मग मी काय घातलं? साधी, मधे हवा खेळणारी, हाय-कार्बन ओतीव लोखंडाची, मूळ मापाची डिस्क. हाय-कार्बन म्हणजे काय हे पुन्हा मामांकडून. ग्रे आयर्न, आपल्या आयएस २१० या भारतीय मानकातल्या एफजी २००, एफजी २२०, एफजी २६० या प्रतवाऱ्या उद्यमबागेत आणि मच्छेत रोज ओतल्या जातात. त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. पापुद्रे जास्त तर लोखंडाची ताकद थोडी कमी, पण उष्णता पटकन पसरते आणि थरथर लोखंडातच विरते. साध्या डिस्कमध्ये कार्बन ३.२ ते ३.५ टक्क्यांच्या आसपास, हाय-कार्बनमध्ये ३.६ ते ३.९. बोटाच्या टिचकीने वाजवून बघा: हाय-कार्बन मंद वाजते. घंटेसारखी खणखणली तर पापुद्रे कमी.

टोपीवर आणि आतल्या पाकळ्यांवर राखाडी लेप असलेली मागा. पॅड घासतो तिथला लेप पहिल्या दहा ब्रेकमध्ये निघून जातो, हबला टेकणाऱ्या तोंडावर आणि पाकळ्यांत मात्र टिकतो. आपल्या पावसात हा लेप खाचा-भोकांपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

वळणदार पाकळ्यांची डिस्क असेल तर डावी-उजवी वेगळी असते, आणि ही चूक चांगल्या चांगल्या गॅरेजांत होते. खाचांच्या दिशेवर जाऊ नका, आतल्या पाकळ्या बघा. विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर आठवा: मधून पाणी घेतो आणि मागे झुकलेल्या पाकळ्यांनी बाहेर फेकतो. डिस्क हवेचं तेच करते, गाडी पुढे जाताना पाकळ्यांची बाहेरची टोकं मागे झुकलेली हवीत. १८८८मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या गावात सायकलचं दुकान टाकलं त्या गावात इंपेलर समजावायला लागू नये, तरी माझ्या गाडीला दोन्ही डिस्क एकाच बाजूच्या आल्या होत्या. खोक्यावर ‘एल’ आणि ‘आर’ दोन्ही लिहिलेलं बघून मगच पैसे द्या.

“इथेच एक जोडी ओतून घेतली तर?” मलाही सुचलं होतं. मामांनी हात जोडले. ओतकामाला तिथे कुणी कमी नाही, पण दोन डिस्कसाठी पॅटर्न, आतल्या पाकळ्यांचा कोअर, मग समतोल, हे सगळं करायचं तर शंभर जोड्या विकायला लागतील.

घातल्यावर पॅड बसवून घ्या, हे लोक वगळतात. रिकामा सरळ रस्ता, मागे कुणी नाही याची खात्री, ८० वरून २०वर आठ-दहा वेळा दमदार ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही. मधे अर्धा-एक किलोमीटर पळू द्या. नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी हिंडवा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात की पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि निळ्या डागाची बी पेरली जाते. म्हणूनच घाट उतरून केरीत चहाला थांबताना शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक हलके ठेवा, आणि सपाटीवर थांबलात तर पाय ब्रेकवरून काढा. तापलेल्या डिस्कवर पाण्याची बाटली ओतून ‘थंड’ करणारे मी धबधब्यापाशी पाहिलेत. त्यांना नमस्कार.

राहिलं मऊ पेडल. ते डिस्कचं नाही, ब्रेक ऑइलचं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं, हवेतली ओल शोषून जुनं झालं की ती मर्यादा १५५पर्यंत खाली येते, डॉट ५.१चे तेच आकडे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली. आमच्याकडच्या दमट हवेत दोन वर्षांच्या पुढे ठेवू नका, गाडी कमी चालली असली तरी. याला कुठलाही रोटर इलाज नाही.

नवी जोडी घालून आता अकरा हजार किलोमीटर झाले. मधे एक अख्खा पावसाळा गेला, आंबोलीही दोनदा झाली. गेल्या महिन्यात चाकं काढून मोजलं: आठही ठिकाणी २४.७, फरक ०.०१च्या आत, हबवर गंजाचा पुसट डाग, तो पुसून टाकला. डिस्कच्या कडेवर किमान जाडी २३ कोरलेली आहे. भोकंवाल्या दोन डिस्क मामांच्या शेडमध्ये दाराला अडण म्हणून लावल्या आहेत, वाऱ्याने दार आपटत नाही.